ढिगाचा वाफारा

माझ्या मोठ्या मुलीची सोयरीक जुळत होती तेव्हा पाहुण्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे नेमकं काय काम असतं. मी म्हणालो, कुजवायचं. पाहुण्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आमची मंडळी लगेच आतून आली आणि हे नगर परिषदेत सेंद्रिय विभागाचे प्रमुख आहेत असं तिनं सांगितलं. सोयरीक जुळली, जावईही चांगला निघाला. पण खोटं बोलत होती ती, मी नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगर परिषदेच्या खत डेपोवर, मी सव्वीस वर्षं लोकांची घाण कुजवली. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, गावाला कशाला बट्टा.

बाहेरच्या माणसाला वाटतं की कचरा टाकला की त्याचं आपोआप खत होतं. आपोआप फक्त दुर्गंधी होते, खत करावं लागतं. घंटागाडीतून भाजीची देठं, केळाची सालं, खानावळीतलं खरकटं येतं. तेवढंच रचलं तर ते सडतं आणि पाणी सोडतं. त्यात कोरडं मिसळावं लागतं, आणि आमच्या भागात कोरड्याला तोटा नाही. सोयाबीनची मळणी झाली की जो भुसा उरतो त्याला आमच्याकडे कुटार म्हणतात, ते ट्रॅक्टरनं येतं. तुरीची टरफलं येतात, जिनिंगमधला कपाशीचा केर येतो. थरावर थर द्यायचा, मधे शेणकाला शिंपडायचा, छातीएवढी उंच आणि पंचवीसेक पावलं लांब रास रचायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आतून तापते. तापली की नाही हे पाहायला आमच्याकडे लोखंडी सळाख होती. ती ढिगात खुपसायची, थोड्या वेळानं उपसून मुठीत धरायची. हाताला धरवली नाही तर ढीग पास. साहेब लोकांनी एकदा काट्याचा थर्मामीटर पाठवला होता, तो मी कपाटात नीट जपून ठेवला.

दर आठवड्याला ढीग पलटवायचा, म्हणजे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. दोन महिन्यांत तो थंडावतो. मग जाळीच्या फिरत्या पिंपातून सगळा माल काढायचा. याला आम्ही चाळणी म्हणत असू. खाली काळंभोर खत पडतं आणि पुढच्या तोंडातून गावाचं चारित्र्य बाहेर येतं: चमचे, चपला, बाटल्यांची बुचं. एका निवृत्त तलाठ्यांची कवळी आमच्याच चाळणीतून निघाली. तो ढीग चाळायला निघाला तेव्हा ते चार दिवस रोज येऊन उभे राहत होते. सापडली तेव्हा त्यांनी ती नळावर धुतली, तिथंच बसवली आणि मगच माझे आभार मानले. त्याआधी ते काय बोलत ते कळतच नव्हतं.

गिऱ्हाइकं बहुतेक शेतकरी. त्यातले एक आप्पा खत घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी बैलगाडीनं परत घेऊन आले. म्हणाले, याले वासच नाई, हे खत कायचं. पिकलेल्या खताला घाण वास नसतो, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. शेवटी ते म्हणाले, बरं, मग न पिकलेलं असंल तर ते द्या. मी दिलं. मनात म्हटलं, गिऱ्हाईक देव असतो आणि देवाला काय चालेल याचा नेम नाही.

खत पिकलं की नाही हे मात्र सळाख सांगत नाही. ते नाक सांगतं. ही विद्या मला आत्रामबाबांनी दिली. ते माझ्या आधीचे मुकादम, झरी जामणीकडच्या जंगलातल्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर वाढलेले. त्यांची पद्धत अशी होती की ढीग उघडल्यावर पहिली मूठ थोरल्या माणसानं उचलायची, सगळ्यांसमोर नाकाशी धरायची आणि पोटभर श्वास घ्यायचा. सागाच्या पाल्याखालच्या मातीसारखा वास आला तर मान हलवायची. मान हलली की चाळणी सुरू. ते निवृत्त झाले तेव्हा ती मूठ माझ्याकडे आली. मुख्याधिकारी बदलले, अध्यक्ष बदलले, पण माझ्या नाकाशिवाय डेपोतून एक घमेलं बाहेर गेलं नाही. याचा मला इतका अभिमान होता की घरी वरणाला फोडणी पडली तरी मी त्याच थाटात वास घेत असे आणि मान हलवीत असे.

आत्रामबाबांनी आणखी एक गोष्ट शिकवली. ढीग पलटवताना वीतभर आत एक पांढरी-करडी पूड दिसते, राख भुरभुरावी तशी. बाबा तिला साय म्हणत. साय धरली म्हणजे ढीग चांगला लागला. शाळेच्या सहली येत तेव्हा मी तळहातावर साय घेऊन फुंकर मारून दाखवीत असे. पोरं टाळ्या वाजवीत.

आता वाफाऱ्याचं सांगतो. थंडीच्या दिवसांत सकाळी ढीग पलटवला की आतून पांढरी वाफ उठते. आमच्या कामगारांपैकी कुणाला सर्दी-पडसं झालं की तो त्या वाफेत तोंड घालून उभा राहायचा. नाक मोकळं होतं, छातीला शेक बसतो, शिवाय फुकट. ही रीत माझ्या आधीची, पण तिला शिस्त मी लावली. सकाळी सात ते साडेसात ही वेळ ठरवली. डोक्यावरून कापड घ्यायचं, म्हणजे वाफ वाया जात नाही, हा शोध माझा. हळूहळू बाहेरचे लोकही येऊ लागले. पोलीस ठाण्यातले एक हवालदार येत, निवृत्त हेडमास्तर मफलर आणि टॉवेल घेऊन येत. हेडमास्तर म्हणत की गावात दोनच आरोग्याच्या सोयी आहेत, एक सरकारी दवाखाना आणि दुसरा ढोके साहेबांचा ढीग. ढोके म्हणजे मी. हे वाक्य मी घरी दोनदा सांगितलं होतं.

निर्मलाबाई आमच्याकडे ढीग पलटवायच्या. पन्नाशीच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक उमरखेडला दिलेली. रोजंदारीवर होत्या, म्हणजे आल्या तर दिवस भरला, नाही तर नाही. त्यांच्या वस्तीत भीमजयंतीला आणि दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी गाणी व्हायची, त्यात पुढचा आवाज निर्मलाबाईंचा. डेपोवरही त्या गात. ढिगाच्या एका टोकाला दाताळं टाकताना ओळ उचलायच्या आणि ओढत ओढत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती एका दमात चालायची. पंचवीस पावलं. मी ऑफिसच्या खिडकीतून ऐकत असे, आणि बायांचे हात त्या ओळीबरोबर पडत. निर्मलाबाई सुटीवर असल्या की ढीग पलटायला दीडपट वेळ लागायचा. हे मी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं. मी भलतंच लिहून ठेवलं.

एका वर्षी डेपोला शेड आली. पत्र्याचं छत, तीन बाजूंनी भिंती, चाळणी आत. फीत कापली गेली. चौथी बाजू उघडी होती, तिकडून धूळ रस्त्यावर जायची, आणि समोरच्या घरांतून तक्रार आली. मी त्या बाजूला हिरवी जाळी दुहेरी करून ताणून बांधली. धूळ रस्त्यावर यायची थांबली. तक्रारही थांबली. ती धूळ आता कुठे जाते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. कामाच्या बाया तोंडाला पदर किंवा रुमाल बांधत. कोरोनाच्या वेळचे जाड मास्क दोन पेट्या भरून स्टोअरात होते, पण ते तपासणीला शिल्लक दिसावेत म्हणून कुलपात ठेवले होते. किल्ली माझ्याच कंबरेला होती.

त्या हिवाळ्यात निर्मलाबाई खोकू लागल्या. कोरडा खोकला. मी म्हटलं, वाफारा घ्या. त्या घेऊ लागल्या. हेडमास्तरांच्या आधी त्यांचा नंबर, डोक्यावरून पदर घट्ट ओढून, माझ्या शोधाप्रमाणे. खोकला वाढला. मी म्हटलं, अर्धा तास घ्या. महिनाभरात नवीनच प्रकार सुरू झाला. सकाळी बाई कामावर येत, दुपारपर्यंत ठीक, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांना हुडहुडी भरून ताप येई, धाप लागे. दुसऱ्या सकाळी ताप उतरलेला. गावातल्या डॉक्टरांनी टीबीची तपासणी करून घेतली, ती स्वच्छ आली. औषधं झाली. मग त्या पंधरा दिवस लेकीकडे उमरखेडला गेल्या आणि परत आल्या त्या टवटवीत होऊन. आल्या दिवशी पूर्ण ओळ गायल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला बरं वाटलं, आणि मी त्यांना सलग दोन दिवस चाळणीवर लावलं. दुसऱ्या संध्याकाळी ताप.

इथं माझं डोकं फिरलं. मी स्वभावानं संशयी नाही, पण सव्वीस वर्षं रोजंदारी माणसं हाताळली की सगळ्यांचं दुखणं तोंडपाठ होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट दुखतं, लग्नसराईत कंबर दुखते. मी मागचा हजेरीपट काढून पाहिला. रविवारी बाई ठणठणीत. सणाच्या सुटीत ठणठणीत. उमरखेडला ठणठणीत. चाळणीची पाळी आली की आजारी. मी त्यांना ऑफिसात बोलावलं आणि म्हणालो की बाई, तुमचा ताप फार शिस्तीचा आहे, रविवारची सुटी पाळतो.

त्या दारातच उभ्या होत्या, धाप लागली होती. म्हणाल्या, "मले बी तसंच दिसून राह्यलं साहेब. घरी असलं का जीव मोकळा असते. पन काहून, तेच तं समजत नाई."

त्या मला खरोखरच विचारत होत्या. मला तो उद्धटपणा वाटला.

त्याच दुपारी मी मुख्याधिकाऱ्यांना अहवाल लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. चार महिन्यांचा तक्ता आखला. चाळणीच्या पाळीचे दिवस निळ्या शाईनं, तापाचे लाल शाईनं. निळ्याच्या मागे लाल, निळ्याच्या मागे लाल, आणि सुटीचे रकाने कोरे. खाली लिहिलं: "सदर महिला कामगार सुटीच्या दिवशी व बाहेरगावी असताना तिची प्रकृती उत्तम असते. चाळणीच्या कामावर असल्यास त्याच दिवशी संध्याकाळी ताप व धाप यांची तक्रार करते. यावरून काम व आजार यांचा थेट संबंध दिसून येतो. सबब कामचुकारपणाचा संशय येतो." लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. सबब हा शब्द मला विशेष आवडला.

आठ दिवसांनी वरून हुकूम आला की बाईंनी यवतमाळला मोठ्या दवाखान्यात जाऊन दाखला आणावा, सोबत अहवालाची प्रत न्यावी. हा दाखला कसा असतो ते बाहेरच्यांना सांगतो. धडधाकट असा दाखला मिळाला तर माझ्या अहवालाप्रमाणे कामचुकार म्हणून घरी. आजारी असा मिळाला तर कामास अयोग्य म्हणून घरी. रोजंदारीवरच्या माणसाला दोन्ही दारांतून बाहेरच जाता येतं. निर्मलाबाईंना हे माहीत होतं. त्यांनी पाकीट घेतलं आणि उद्याच जाते म्हणाल्या. मीही निघालो. बाई डॉक्टरांना गुंडाळेल, आपण असलेलं बरं, असं मी ऑफिसात सांगितलं.

सकाळची एसटी. मी नुसत्या चहावर निघालो होतो आणि रस्त्याचं काम चाललेलं, गाडी रखडत होती. निर्मलाबाई खिडकीपाशी, मी एक बाक सोडून. अर्ध्या वाटेत त्यांनी फडकं सोडलं आणि ज्वारीची अर्धी भाकर, त्यावर मिरचीचा ठेचा ठेवून माझ्याकडे पुढे केली. मी नको म्हणालो, मग घेतली. ठेचा झणझणीत होता. त्यांनी उरलेली अर्धी भाकर खोकत खोकत खाल्ली.

छातीच्या डॉक्टर माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी बाईंची छाती बराच वेळ तपासली आणि मग पाकीट उघडलं. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. त्यांनी अहवाल वाचला, तक्ता पाहिला, परत पहिल्यापासून वाचला.

"हे कोणी लिहिलंय?"

मी लिहिलंय, असं मी सांगितलं. हजेरीपटावरून काढलंय, निळी म्हणजे चाळणी.

"असा कागद माझ्याकडे कोणी आणत नाही," त्या म्हणाल्या. "पेशंट सांगतात खोकला आहे, फार दिवसांचा आहे. कधी नसतो, ते कुणी सांगत नाही. तुम्ही ते तारखांसह लिहून आणलंत."

मला वाटलं आपली बाजू खरी ठरली. म्हणून त्यांनी कामाबद्दल विचारलं तेव्हा मी सगळं मन लावून सांगितलं. कुटार सांगितलं, सळाख सांगितली, शेड, हिरवी जाळी. साय म्हणजे काय ते सांगितलं, फुंकर मारून कशी दाखवतो तेही. त्या लिहीत होत्या. मग मी म्हणालो की आम्ही बाईंची काळजी घेतली नाही असं नाही, रोज सकाळी अर्धा तास ढिगाचा वाफारा देत होतो. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"ढिगाच्या वाफेत तोंड घालून?"

"हो. वरून पदर घेऊन. म्हणजे वाफ वाया जात नाही."

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी जसं ऐकलं तसं सांगतो. ती साय म्हणजे बुरशी आणि बुरशीसारखेच दिसणारे जिवाणू. तापलेला ढीग त्यांना मानवतो. त्यांचं बी धुळीहून बारीक असतं, डोळ्याला दिसत नाही. ढीग पलटवला की ते वाफेबरोबर उठतं, चाळणी फिरली की घुसळून निघतं. उघड्यावर असेल तर वारा बरंचसं घेऊन जातो. बंद शेडमध्ये ते तिथंच तरंगतं आणि माणूस ते ओढत राहतो. बहुतेकांना काही होत नाही. काहींचं शरीर मात्र त्याच्याशी भांडायला उठतं. भांडण पेटायला चार-सहा तास लागतात, म्हणून ताप संध्याकाळी येतो. सुटीला भांडायला काही नसतं. असं वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुसाची लवचीकता जाते, आतून वाळलेल्या दोडक्यासारखं जाळीदार आणि कडक होतं. फोटो काढला, फुंकायची तपासणी झाली. निर्मलाबाईंचं थोडं वाळायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या देते, पण खरं औषध एकच, ढिगापासून लांब.

निर्मलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी फक्त एक विचारलं.

"मंग माह्या दम वापस येईन का, बाई?"

थोडा येईल, डॉक्टर म्हणाल्या. सगळा येईल असं सांगता येत नाही.

मी डॉक्टरांना म्हणालो, माझीही छाती पाहा. इतकी वर्षं पहिली मूठ मी नाकाशी धरली, माझं तर निम्मं वाळलं असणार. खरं सांगतो, काहीतरी निघावं असं मला त्या क्षणी वाटत होतं. काही निघालं नाही. माझी फुप्फुसं उत्तम आहेत. याला काही न्याय नाही, कुणाचं शरीर भांडतं, कुणाचं नाही, असं त्यांनी सांगितलं.

परतीच्या गाडीत मी निर्मलाबाईंच्या बाजूच्या बाकावर बसलो. कळंब मागे पडेपर्यंत मी बोलायची तयारी करीत होतो. शेवटी म्हणालो की बाई, त्या कागदात मी काय लिहिलं होतं ते तुम्हाला सांगायला हवं.

"मी वाचलं नं ते," त्या म्हणाल्या. "जातानाच. पाकीट उघडंच होतं."

जाताना, म्हणजे भाकरीच्या आधी. मी विचारलं, वाचलं होतं तर मग मला भाकर कशाला दिली.

"भूक लागलती नं तुमाले," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मला शरम वाटली. इतकी की पुढचं गाव येईपर्यंत मी माझ्या पायातल्या चपलांकडे पाहत बसलो. आयुष्यात कुणी थोबाडीत मारली तरी इतकं लागलं नसतं, आणि मला दोन-तीन वेळा मारलेली आहे, कचऱ्याच्या गाडीवरून.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच हिरवी जाळी फाडली. मागची भिंतही अर्धी पाडायला लावली आणि वर लेखी कळवलं की पडली. मास्कच्या पेट्या उघडल्या. ढीग पलटवायच्या आधी पाण्यानं भिजवायचा, चाळताना वारा पाठीशी घ्यायचा, चाळणीवर कुणालाही सलग दोन दिवस लावायचं नाही, असे नियम केले. बाया म्हणाल्या, मास्क लावून बोलता येत नाही. मी म्हणालो, बोलू नका. त्यांनी मास्क गळ्यात घातले. महिनाभर मी रोज त्यांच्या मागे लागलो तेव्हा कुठे ते नाकावर चढले.

वाफारा बंद केला. याचा मात्र गावात संताप झाला. हवालदारांनी ओळख सोडली. हेडमास्तरांनी लेखी तक्रार दिली की खत डेपोच्या मनमानीमुळे नागरिकांची एक जुनी आरोग्यसुविधा हिरावली गेली आहे. मी त्यांच्या घरी जाऊन बुरशीचं सगळं समजावलं. ते म्हणाले, पण मला तर कधी काही झालं नाही. मी म्हणालो, मलाही नाही, मास्तर. तक्रार मात्र त्यांनी मागे घेतली नाही.

राहिलं निर्मलाबाईंचं काम. दाखल्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं की ढिगाच्या व चाळणीच्या कामास अयोग्य, इतर कामास योग्य. ऑफिस म्हणालं, इतर काम म्हणजे काय, रोजंदारीला असं काही नसतं, शिवाय यांच्या फायलीत कामचुकारपणाचा अहवाल आहे. आणि अहवाल कोणाचा, तर माझाच. तो खोटा ठरवावा तर तारखा खोट्या ठरवाव्या लागणार, आणि तारखा तर खऱ्या होत्या. मी दोन दिवस विचार केला. मग तोच अहवाल परत लिहून काढला. तोच तक्ता, तीच निळी-लाल शाई, सुटीच्या दिवशी प्रकृती उत्तम असते, काम व आजार यांचा थेट संबंध दिसून येतो, सगळं शब्दशः. फक्त सबबच्या पुढचं बदललं. "सबब हा आजार आमच्या कामामुळे झाला असून सदर महिलेस गेटवर, कचरा गाड्यांच्या नोंदीसाठी, नेमण्यात यावे. या कामात हयगय निम्नस्वाक्षरीकर्त्याची आहे." खाली सही केली. निम्नस्वाक्षरीकर्ता म्हणजे मी. मला एक मेमो मिळाला आणि निर्मलाबाईंना गेट मिळालं. या नोकरीत एवढा सरळ व्यवहार मी दुसरा पाहिला नाही.

गेट रस्त्याच्या तोंडाशी, ढिगापासून लांब, वारा येतो त्या बाजूला. संध्याकाळचा ताप गेला. खोकला बराच गेला. त्या जयंतीला मी वस्तीत गाणी ऐकायला गेलो. निर्मलाबाईच पुढे होत्या. ओळ त्यांनीच उचलली, पण मधेच श्वास घ्यायला थांबल्या. मागच्या बायांनी ती तिथून धरली आणि शेवटाला नेली. आता असंच बसवलंय, असं कुणीतरी मला सांगितलं. ऐकणाऱ्यांना आवडलं. मी मनातल्या मनात पावलं मोजत होतो, तेरा-चौदाच्या पुढे ती ओळ एकटी गेली नाही.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी डेपोवर छोटा समारंभ होता. शाल, नारळ, भाषणं. मी कोणत्या विभागाचा प्रमुख होतो हे मुख्याधिकाऱ्यांनी चुकीचं सांगितलं, पण चांगलं सांगितलं. मग बाया म्हणाल्या की साहेब, जाता जाता एक ढीग उघडून द्या, जुन्या पद्धतीनं. पिकलेला ढीग नव्हता, एक तापलेला होता, पण समारंभाला तेवढा पुरे होता. दाताळं पडलं, वाफ उठली, आणि मी पहिली मूठ उचलली. गरम होती, साय लागलेली. सगळे पाहत होते. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप नाकाकडे निघाला.

तेवढ्यात गेटवरून हाक आली. सगळ्या माना तिकडे वळल्या. निर्मलाबाई उठून उभ्या होत्या, एक हात गेटच्या दांडीवर.

"साहेब," त्या म्हणाल्या, आणि श्वास घेतला. "हात," परत श्वास घेतला, "खाली करा."

मी हात खाली केला.